कुठल्या खिडकीचा पडदा

नवी पेठेत मला माझा नवरा दिसला.

यात खरं तर नवल काहीच नाही. पण मंगळवारी दुपारी साडेतीन वाजता तो अक्कलकोट रोडच्या टॉवेलच्या मिलमध्ये मशिनी दुरुस्त करत असायला हवा होता. मला लॅबमधून अर्ध्या दिवसाची सुट्टी मिळाली होती, म्हणून मी स्वयंपाकघरासाठी हुक घ्यायला आले होते. आणि समोर, पडद्याच्या कापडाच्या दुकानात, बिरुदेव उभा होता. हातात पिवळ्या कापडाचं टोक... आणि तो बोलत होता.

नवल होतं ते हे. आमच्या लग्नाला सहा आठवडे झाले होते. एवढ्या दिवसांत, खाण्याचा विषय सोडला तर, तो एका दमात चार शब्दांच्या वर बोलल्याचं मला आठवत नव्हतं.

"ह्यातनं आरपार दिसतंय," तो कापड उन्हाकडं धरून दुकानदाराला सांगत होता. "दाट दाखवा."

"पडदा आहे दादा. थोडा उजेड यायलाच पाहिजे की."

"उजेड नाय आला तरी चालंल. आतलं कुणाला दिसाय नको. आनि वाऱ्यानं उडाय नको, खाली काय तरी वजन घालून शिवून द्या."

मी पटकन शेजारच्या बांगड्यांच्या दुकानात शिरले. आपल्याच नवऱ्याला बघून मी का लपले, ते मला आजही नीट सांगता येत नाही. बाईनं माझ्या हातात हिरव्या बांगड्या चढवल्या, मी चढवू दिल्या. तोवर बिरुदेव कापड शिवायला टाकून, मोटरसायकलला किक मारून गर्दीत दिसेनासा झाला.

मी बांगड्या घेऊन घरी आले. हुक राहूनच गेले.

माझं नाव पूनम. माहेर वेळापूरचं. सोलापुरात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी तीन वर्षं काम करत होते, बायकांच्या हॉस्टेलवर राहत होते. तुळशीचं लग्न झालं आणि आठ दिवसांत माझंही झालं. बिरुदेव सांगोल्याकडचा. आयटीआय झालेला, उंच, सावळा, पापण्या बाईसारख्या लांब. बघायला आला तेव्हा वडिलांनी विचारलं, "मुलगी नोकरी सोडणार नाही, चालेल ना?" त्यावर तो म्हणाला, "चालतंय की." मला ते फार आवडलं होतं. तेव्हा.

समोर मी त्याला 'अहो' म्हणते. मनात मात्र पहिल्या दिवसापासून 'तो'च आहे.

विजापूर रोडच्या मागच्या अंगाला विजयमाला काकूंच्या घरावर दोन खोल्या भाड्यानं मिळाल्या. पुढची दहा बाय दहा, मागचं स्वयंपाकघर त्याहून लहान. हॉस्टेलच्या कॉटवर पडून मी तीन वर्षं फोनवर छोट्या घरांचे व्हिडिओ पाहिले होते. कुठं काय लावायचं, ते सगळं डोक्यात तयार होतं. फक्त घर नव्हतं. आता घर होतं, आणि खर्चायला हातात फार काही नव्हतं, पण त्यातच मजा होती. फळबाजारातून लाकडी खोकी आणली, घासली, एकावर एक ठेवून भांड्यांची मांडणी केली. तेलाच्या डब्यांना रंग देऊन त्यांत पुदिना आणि कोथिंबीर लावली. मिलमधले बारीक डागाचे टॉवेल बिरुदेवला स्वस्तात मिळायचे, त्यांचे कडेला रेशमी पट्टी लावून उशांचे अभ्रे शिवले. सासूबाईंनी लग्नात काळं घोंगडं दिलं होतं. लोखंडी कॉटवर ते अंथरलं तर खोली एकदम कुणाच्या तरी घराची वाटायला लागली.

पण कुणाच्या, तेच कळेना. कारण...

"अहो, ही मांडणी खिडकीखाली बरी दिसेल की दाराजवळ?"

"चालतंय की. कुटंबी."

"भिंतीला पांढरा देऊ की फिका निळा?"

"दोन्ही चालतंय की."

"मी ह्या भिंतीवर म्हैस काढली तर?"

यावर त्यानं माझ्याकडं पाहिलं, त्या पापण्या एकदा मिटल्या, उघडल्या... आणि तो म्हणाला, "चालतंय."

मला हसावं की रडावं ते समजेना. माणूस वाईट नव्हता. उलट मी शिडीवर चढले की शिडी धरून उभा राहायचा. मी थकले की न सांगता चहा ठेवायचा. फक्त घराचा विषय निघाला की पाहुण्यासारखा गप्प व्हायचा, जणू दुसऱ्याच्या घरात आलाय आणि चप्पल कुठं काढायची ते विचारायचं राहून गेलंय.

बोलायचा तो एकाच विषयावर. खाण्याच्या.

डिसेंबरात तो मिलच्या मागच्या पडीक जागेतून डब्यात कसला तरी पाला घेऊन आला. "पाथरी हाय. कच्चीच खायची, भाकरीसंगं." दुसऱ्या दिवशी हरभऱ्याची कोवळी भाजी. मी ती नळाखाली धरली तर त्यानं माझं मनगट पकडलं. पहिल्यांदाच, असं दिवसाउजेडी.

"धुवू नगंस. आंब जाती."

"धुतल्याशिवाय?"

"पानावरच असती आंबट चव. धुतली की ऱ्हायला नुसता पाला."

मनगट त्यानं सोडलं नाही. मीही सोडवून घेतलं नाही. नळ मात्र तसाच वाहत राहिला, आणि खालून विजयमाला काकू ओरडल्या तेव्हा दोघंही दचकलो.

भोगीला त्यानं मला बाजूला बसवून स्वतः भाजी केली. घेवडा, गाजर, वांगं, ओला हरभरा, बोरं, वरून तिळाचं कूट. तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरी मी थापल्या, त्यांवर लोण्याचा गोळा. तो खाताना डोळे मिटायचा. मी त्याच्याकडं बघत राहायचे आणि वाटायचं, ह्या माणसाला जिभेवरचं इतकं कळतं. मग बाकीचं का कळत नाही? की कळतं, पण माझ्याबरोबर कळून घ्यायचं नाही?

आणि आता हा पडदा.

चार दिवस मी वाट पाहिली. पडदा घरी आला नाही. आमच्या दोन्ही खिडक्यांना माझे राखाडी पडदे होते तसेच होते. शेवटी मी विजयमाला काकूंना सांगितलं. काकूंचं वय साठीचं, पण कान आणि नजर विशीची. त्यांनी शेंगा सोलता सोलता सगळं ऐकलं, जरा विचार केला.

"पडदा घेतलाय म्हणजे कुठंतरी खिडकी असणारच की," त्या म्हणाल्या.

झालं. ती खिडकी माझ्या डोक्यात जाऊन बसली. दाट पिवळा पडदा, आतलं कुणाला दिसायला नको, अशी एक खिडकी... आणि तिच्या आत कोण?

त्या संध्याकाळी मी जेवताना सहज विचारल्यासारखं विचारलं, "मंगळवारी नवी पेठेत गेला होतात का?"

त्याचा घास हातात राहिला. "न्हाय की. कामातनं कुटं येळ मिळतोय."

खोटं. तो खोटं बोलला, आणि बोलताना त्याचे कान लाल झाले. मला राग यायला हवा होता. तो आलाही, पण त्या लाल कानांकडं बघून मधूनच माया वाटत होती. अशा मनाचं काय करायचं?

दुसऱ्या दिवशी लॅबच्या पत्त्यावर माझ्या नावानं पत्र आलं. लग्न ठरायच्याही आधी मी पुण्याच्या एका मोठ्या लॅबमध्ये अर्ज केला होता. तीन महिन्यांचं ट्रेनिंग, एक फेब्रुवारीपासून. त्यानंतर जिथं जागा असेल तिथं नोकरी, पुण्यात किंवा आणखी कुठं. मी तो अर्ज विसरूनच गेले होते. पत्र पर्समध्ये ठेवून मी दिवसभर रक्ताच्या नळ्यांवर चिठ्ठ्या लावत राहिले. मला जायचं होतं का? होतं. नव्हतं. दर तासाला उत्तर बदलत होतं.

संध्याकाळी मी पत्र त्याच्यासमोर ठेवलं. त्यानं सावकाश वाचलं. घडी घातली. परत उघडलं.

"तीन महिने," मी म्हणाले. "पुढचं काही माहीत नाही. कदाचित तिकडंच राहावं लागेल. जाऊ?"

मी मनातल्या मनात त्याला सांगत होते, काहीतरी बोल. जाऊ नको म्हण, भांड, पत्र फाड...

"चालतंय की," बिरुदेव म्हणाला.

मी उठले आणि ताटं घासायला घेतली. तो मदतीला आला तर मी त्याला म्हटलं, "राहू द्या, जमतंय मला." पुढचे पाच दिवस आम्ही दोन खोल्यांत असे वावरत होतो की एकमेकांचा धक्का लागू नये. दहा बाय दहाच्या खोलीत ते सोपं नाही.

रविवारी सकाळी त्याच्या वडिलांचा फोन आला. "हुरडा आलाय. सुनंला घिऊन ये."

माझे सासू-सासरे मेंढरांमागं हिंडतात. पावसाळ्याचे तीन-चार महिने गावात, बाकीचं वर्ष वाटेवर. शेतकरी खतासाठी आपल्या रिकाम्या रानात मेंढरं बसवून घेतात, आठ-पंधरा दिवस झाले की कळप पुढं. हे मला माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं. लग्नात मी त्यांना मांडवात पाहिलं होतं, नव्या कपड्यांत, खुर्चीवर अवघडून बसलेले. सासूबाई मधे एकदा आमच्याकडं येऊनही गेल्या होत्या. पण त्यांचं घर मी पाहिलं नव्हतं.

मंगळवेढ्याच्या अलीकडं एका रानात मोटरसायकल थांबली. लांबपर्यंत ज्वारी उभी, मध्ये एक मोकळं रान आणि त्यात जाळीचं कुंपण. जाळीत कोकरं ओरडत होती. बाभळीखाली एक घोडं बांधलेलं. तीन दगडांची चूल, दोन पातेली, एक पत्र्याची पेटी, घोंगड्यांची घडी. बस्स. मी इकडंतिकडं बघितलं, म्हटलं बाकीचं सामान कुठं असेल. बाकीचं नव्हतंच.

सासरे, सिद्धाप्पा मामा, आगटीत गोवऱ्या रचत होते. मान न वळवताच म्हणाले, "आलीस व्हय? बस की." सासूबाईंना मी आत्या म्हणते. केराबाई आत्या हात पुसत आल्या, माझ्या गालावरून खरखरीत बोटं फिरवली आणि कानाशी येऊन हळूच म्हणाल्या, "लांबनं आलीस, जायचं आसंल. चल."

त्या मला बाभळीच्या पलीकडं घेऊन गेल्या.

तिथं चार काठ्या रोवल्या होत्या. त्यांना चारही बाजूंनी बांधलेला, दाट, जाड, पिवळा पडदा. आत एक सपाट दगड, पाण्याची बादली, काठीला अडकवलेलं लुगडं. खालच्या काठाला दुमड घालून त्यात खडे शिवले होते. माळावरचा वारा जोरात होता, पण पडदा हलत नव्हता.

"जा आत," आत्या म्हणाल्या. "कुणाला काय दिसत न्हाय. माज्या बिरूनं आणलंय. गेल्या बुधवारी बांधून दिलं."

मी आत गेले. सूर्य डोक्यावर होता आणि तरी आत निवांत पिवळी सावली होती. बाहेर कोकरं, वारा, मामांचं खोकणं... आणि आत मी एकटी, कुणाच्याही नजरेबाहेर. मी तिथं गरजेपेक्षा बराच वेळ उभी राहिले. खिडकी नव्हती. कुठंच खिडकी नव्हती.

बाहेर आले तेव्हा आत्या बाभळीला टेकून उभ्या होत्या.

"चाळीस वरसं झाली मला ह्या वाटंवर," त्या म्हणाल्या. "अंधार असतानाच उठायचं, उजाडायच्या आत अंगोळ. न्हायतर मग लुगडं धराय कुणीतरी बाई हुडकायची. तुमच्या घरी आले व्हते न्हवं, तवा तुज्या न्हाणीला मी आतनं कडी लावली. बाहीर येऊन ह्येला नुसतं म्हनले, कडी लई चांगली हाय बग. येवढंच म्हनले. त्ये त्येच्या ध्यानात ऱ्हायलं."

 मग मी विचारलं ते भलतंच. "आत्या, ह्यांना काय आवडतं? मी काहीही विचारलं की 'चालतंय' म्हणतात."

 आत्या जाळीतल्या एका कोकराकडं बघत राहिल्या.

"सा वरसाचा व्हता. आश्रमसाळंत घातला. कळप फुडं जायचा, त्येला तितं ठिवायचा. ह्येंनी दारात इचारलं, ऱ्हाशील न्हवं? तर म्हनला, चालतंय की. रडला न्हाय, काय न्हाय. आमाला वाटलं, लई शाना हाय प्वार." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "मागनं गुरुजी सांगत व्हते, आठ दिस जेवला न्हाय म्हनून."

हुरडा खाल्ला. मामांनी आगटीतून कणसं काढून तळहातावर चोळली, गरम हिरवे दाणे माझ्या ओंजळीत ओतले. शेंगाची चटणी, गूळ, मेंढीच्या दुधाचं घट्ट दही. बिरुदेव माझ्यासमोर बसला होता, तोंडाला काजळी लागलेली, आणि माझ्याकडं बघायचं टाळत होता. मी पडदा पाहिला हे त्याला कळलं होतं. कान परत लाल झाले होते.

परतताना उन्हं कलली होती. दोन्हीकडं ज्वारी, मध्ये आमची मोटरसायकल. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"थांबवा."

त्यानं गाडी कडेला घेतली. इंजिन बंद झालं आणि एकदम शांत झालं.

"मला का नाही सांगितलं? खोटं का बोललात?"

"आईच्या अंगोळीचं तुला कसं सांगायचं..." तो टाकीवर बोटानं रेघ ओढत म्हणाला. "तू शिकलेली. घर येवडं चांगलं लावलंस. म्हनलं, तुला वाटंल, कसल्या मानसांत आलो आपन."

"आणि घराचं काही विचारलं की गप्प बसता, ते?"

"खरं सांगू? मला भिंतीचं काय कळतच न्हाय, पूनम." त्यानं माझं नाव घेतलं. सात-आठ आठवड्यांत पहिल्यांदा. "वाटंवर भिंत नसती. साळंत व्हती, ती सरकारची. तितं काय लावलं की मार बसायचा. तू इचारतीस हितं काय शोभंल, तितं काय शोभंल... मी बगतो, पन मला काय दिसतच न्हाय. तू लावल्यावर दिसतंय. मग लई बरं वाटतंय."

मी गाडीवरून उतरले आणि त्याच्यासमोर येऊन उभी राहिले. "आणि पुण्याचं?"

त्यानं गाडीच्या किल्लीशी चाळा सुरू केला.

"मी परवानगी मागत नाहीये. मी गेले तर तुम्हाला कसं वाटेल, तेवढं सांगा. आणि ते दोन शब्द सोडून काहीही सांगा."

त्यानं वर बघितलं. लांब पापण्या, काजळीचं बोट ओढलेला गाल.  रस्त्यानं एक ट्रॅक्टर गेला, त्याचा आवाज पार विरून गेला.

"आवडनार न्हाय," तो म्हणाला. "अजिबात आवडनार न्हाय."

मला वाटलं होतं, हे ऐकलं की माझं सगळं ठरून जाईल. पण डोळ्यांत पाणी आलं, हसू आलं, आणि पुण्याला जायची इच्छाही तशीच राहिली. सगळं एकाच वेळी. "मग मी नको जाऊ?" मी विचारलं.

"जा की." त्यानं माझा हात धरला, हरभऱ्याच्या भाजीच्या दिवशी धरला होता त्याहून घट्ट. "साळंत व्हतो तवा आमची मानसं कवा परत येनार, त्ये मला कुणी सांगितलंच न्हवतं. रोज दारात जाऊन बसायचो. तू फकस्त तारीख सांगून जा."

"दर पंधरा दिवसांनी रविवारी येईन. पहिला रविवार, तिसरा रविवार."

"आनि तीन महिन्यानं?"

"ते मला माहीत नाही," मी म्हणाले. "खरंच माहीत नाही."

"बरं," तो म्हणाला. "त्ये मग दोघं मिळून बगू."

पुण्याला पेइंग गेस्टच्या खोलीत आम्ही चौघी होतो. काम अवघड होतं आणि मला आवडत होतं. रात्रीच्या जेवणातल्या पालेभाजीला मात्र कसलीच चव नसायची, आणि ती खाताना मी गप्प व्हायचे. शेजारच्या कॉटवरची मुलगी म्हणाली, "घरची आठवण येते का?" मी म्हटलं, घरची नाही. मग म्हटलं, घरचीच. तिला काही कळलं नाही.

फेब्रुवारीचा तिसरा रविवार होऊन गेला, त्यानंतरच्या बुधवारी संध्याकाळी फोनवर एक फोटो आला. खाली काही लिहिलेलं नाही. मी फोटो मोठा केला, परत लहान केला. आमच्या स्वयंपाकघराची भिंत होती. मी स्वतः फिका निळा दिलेली भिंत. ती आता नारिंगी होती. साधी नारिंगी नाही, डोळ्यांत घुसणारी, भडक, पेटल्यासारखी.

मी फोन लावला.

"हा रंग कुणी दिला?"

"मी."

"कुणाला विचारून?"

"कुनालाच न्हाय." मग जरा दम घेऊन, "मिलमधनं येताना वाटंला करडई फुललीय. रोज बगतो. म्हनलं, असा रंग भिंतीला असला तर... दुकानात जाऊन फूलच दाखवलं. दोन हात दिलेत. कोपरं अजून ऱ्हायलेत."

"अहो, मार्चमध्ये ऊन सुरू होईल. त्या रंगात स्वयंपाक करताना माणूस भाजून निघेल."

"व्हय," तो म्हणाला. "लई भडक झालाय का?"

"फार वाईट झालाय."

 मागून विजयमाला काकूंच्या घरातला टीव्ही ऐकू येत होता. मी त्या फोटोकडं परत बघितलं. ब्रशचे फटकारे वाकडे होते, एका जागी हाताचा पंजा उमटला होता. माझ्या मांडणीला, माझ्या पुदिन्याच्या डब्यांना, कशालाच तो रंग जात नव्हता. तरी मी तो फोटो बंद केला नाही.

"पन मला आवडलाय," बिरुदेव म्हणाला. मग जास्त ठामपणे, "मला लई आवडलाय, पूनम. मी काय काढनार न्हाय."

"नका काढू," मी म्हणाले. "मी रविवारी येते. कोपरे आपण दोघं करू."

"ह्या रविवारी? ह्या पंधरवड्यात तुजा रविवार पुढचा हाय."

"माहीत आहे," मी म्हणाले, आणि एका हातानं कॉटखालची बॅग ओढून काढली.